चित्रकथेची फाइल, तिची नोंद आणि अनुस्वाराचे टिंब



भाषाविषयक प्रकल्पासाठी चित्रकथा किंवा कॉमिक्स हा विषय निवडणारे विद्यार्थी दरवर्षी असतात आणि त्यांची निवड योग्यच असते. चित्रकथेत निवेदन थोडे असते आणि संवाद फार. त्यामुळे बोलली जाणारी मराठी कागदावर उतरवताना लेखक कोणकोणत्या युक्त्या योजतो, हे तेथे जितके उघड दिसते तितके कथा-कादंबरीत दिसत नाही. अडचण येते ती सामग्रीची. बार्शीटाकळीसारख्या तालुक्याच्या गावी राहून नोकरी, दुकान किंवा शेती सांभाळत पदवीचा अभ्यास करणाऱ्याला जुने अंक पाहण्यासाठी अकोल्याला किंवा त्याहून दूर वारंवार जाणे जमत नाही. शिवाय मुलांनी वाचून फाडलेले कॉमिक्स जपून ठेवण्याची आपल्या ग्रंथालयांची परंपराही फारशी नाही. अलीकडे मात्र असे बरेच साहित्य संगणकीय फाइलींच्या रूपात हाती येऊ लागले आहे. या फाइली ‘कॅलिबर’ या ई-पुस्तक व्यवस्थापनाच्या कार्यक्रमातून कशा वाचाव्यात आणि वाचताना भाषेच्या अभ्यासकाने कोठे सावध राहावे, याचा विचार या लेखात केला आहे.

फाइलीच्या आत काय असते

चित्रकथेच्या फाइलीच्या नावाअखेरीस बहुधा ‘सीबीझेड’ किंवा ‘सीबीआर’ ही अक्षरे असतात. नाव नवखे वाटले तरी आतली रचना अगदी साधी आहे. प्रत्येक पानाचे एक छायाचित्र घेतलेले असते आणि ती सगळी छायाचित्रे एका गाठोड्यात बांधलेली असतात. गाठोडे ‘झिप’ पद्धतीचे असेल तर सीबीझेड, ‘रार’ पद्धतीचे असेल तर सीबीआर. सीबीझेड फाइलीचे शेवटचे अक्षरत्रय बदलून ‘झिप’ केले, तर कोणताही संगणक ती उघडून आतील चित्रे वेगवेगळी दाखवतो. उलट, तुमच्याजवळच्या अंकाच्या पानांची छायाचित्रे झिप करून त्या फाइलीला सीबीझेड हे शेपूट लावले की चित्रकथेची फाइल तयार होते. रार ही पद्धत खासगी मालकीची आहे, झिप सर्वत्र चालते. म्हणून संग्रह करताना सीबीझेडच पत्करावे.

ई-पुस्तकाच्या ‘ईपब’ या प्रकारात मजकूर युनिकोड अक्षरांनी साठवलेला असतो. त्यात ‘क’ हे अक्षर संगणकाला ‘क’ म्हणूनच ठाऊक असते. म्हणून तेथे शब्द शोधता येतो, अक्षर मोठे करता येते, वाक्य उचलून टिपणात घेता येते. चित्रकथेच्या फाइलीत यातले काहीच होत नाही. तेथे फुग्यातले ‘अरे बापरे!’ हे शब्द, त्या फुग्याची रेघ आणि मागच्या झाडाचे पान हे तिन्ही संगणकाच्या लेखी सारखेच ठिपके असतात. फाइल मराठी आहे की तमिळ, हेही त्याला कळत नाही. चित्रातील अक्षरे ओळखणारे कार्यक्रम मराठीसाठीही आहेत. परंतु ते छापील खिळ्यांवर शिकलेले असतात. हाताने लिहिलेल्या, वाकड्या, ओरडताना फुगणाऱ्या अक्षरांपुढे ते लवकर हात टेकतात. तेव्हा पुढे जे सांगायचे आहे त्याचा आधार एवढाच, की या फाइलीत भाषा आहे, पण ती फक्त वाचकाला दिसते.

कॅलिबरची ओळख

हा कार्यक्रम कोविद गोयल या भारतीय संगणकतज्ज्ञाने २००६ मध्ये लिहायला घेतला. सोनी कंपनीचे ई-वाचनयंत्र त्या वर्षी बाजारात आले होते आणि ते लिनक्स संगणकाला जोडण्याची सोय नव्हती. ती करण्यासाठी लिहिलेला छोटा कार्यक्रम वाढत गेला आणि २००८ मध्ये त्याला आजचे नाव मिळाले. तो विनामूल्य असून त्याची मूळ संहिताही सर्वांना खुली आहे. विंडोज, मॅक आणि लिनक्स या तिन्हींवर तो चालतो.

त्याचा वापर शिकायला एक संध्याकाळ पुरते. ‘ॲड बुक्स’ या कळीने फाइल संग्रहात घ्यावी. कॅलिबर तिची एक प्रत स्वतःच्या कपाटात ठेवते आणि पहिले पान मुखपृष्ठ म्हणून दाखवते. ‘व्ह्यू’ म्हटले की अंक वाचण्यासाठी उघडतो. संगणक घरी एकच असेल आणि वाचायचे फोनवर असेल, तर ‘कनेक्ट-शेअर’ या कळीखाली ‘कंटेंट सर्व्हर’ सुरू करण्याची सोय आहे. मग फोन आणि संगणक एकाच वाय-फायवर असले की संगणकाने सांगितलेला पत्ता फोनच्या ब्राउझरमध्ये टाकून सारा संग्रह फोनवर वाचता येतो. त्यासाठी बाहेरचे इंटरनेट लागत नाही, एका फोनचे हॉटस्पॉटही चालते. वीज आणि नेटवर्क यांचा भरवसा नसलेल्या गावांत ही सोय मोलाची आहे.

पानांच्या क्रमाकडे मात्र लक्ष हवे. गाठोड्यातील चित्रांचा क्रम त्यांच्या नावांवरून ठरतो. नावे १, २, ३ … १०, ११ अशी असतील तर काही वाचनकार्यक्रम ती शब्दकोशाप्रमाणे लावतात आणि पहिल्या पानानंतर एकदम दहावे येते. कॅलिबर आकड्यांचे मूल्य ओळखते, पण तीच फाइल उद्या दुसऱ्या कार्यक्रमात उघडायची असू शकते. म्हणून नावे ००१, ००२ अशी तीन आकडी ठेवावीत. जपानी मांगा उजवीकडून डावीकडे वाचतात, त्यासाठी ‘राइट टू लेफ्ट’ हा पर्याय आहे. मराठी अंकांना त्याची गरज नाही.

रूपांतर आणि टिंब

येथवर जे सांगितले ते कोणत्याही भाषेच्या वाचकाला लागू आहे. आता मराठीपुरते पाहू.

कॅलिबर एका प्रकारची फाइल दुसऱ्या प्रकारात बदलून देते. संगणकावर नुसते वाचायचे असेल तर असे रूपांतर करू नये. परंतु छोट्या वाचनयंत्रासाठी अनेक जण सीबीझेडचे ईपब करून घेतात. हे करताना कॅलिबर प्रत्येक चित्रावर काही संस्कार करते. निवडलेल्या यंत्राच्या पडद्याएवढे चित्र लहान करते, रंग काढून करड्या छटा ठेवते, कडा धारदार करते, आणि वापरणाऱ्याने सांगितले तर ‘डीस्पेकल’ म्हणजे बारीक डाग पुसणेही करते. जुन्या, पिवळ्या पडलेल्या कागदावरची बुरशी आणि शाईचे शिंतोडे घालवायला हा उपाय चांगला. रोमन लिपीतील कॉमिक्सना त्याने फारसा धोका नाही, कारण तेथील अक्षरे बहुधा मोठी, सरळ आणि बिनटिंबाची असतात. देवनागरीत मात्र शिरोरेषेवरचे टिंब हे अक्षराचा भाग आहे आणि आकाराने ते डागाएवढेच आहे. डाग पुसणाऱ्या यंत्रणेला अनुस्वार आणि शिंतोडा यांतला भेद कळण्याचा काही मार्ग नाही.

एक हिशेब करून पाहा. पानाचे छायाचित्र २२०० ठिपके उंच आहे आणि त्यात अनुस्वाराचे टिंब आठ ठिपके रुंद आहे, असे समजा. सुरुवातीच्या वाचनयंत्रांचा पडदा ८०० ठिपके उंच असे. त्यात हे पान बसवले की टिंब तीन ठिपक्यांचे उरते. आता त्यावर डाग पुसण्याची क्रिया झाली तर ते नाहीसे होऊ शकते किंवा शिरोरेषेला चिकटू शकते.

एक टिंब गेले तर काय बिघडले, असे तुम्ही विचाराल. ‘रंग’ची ‘रग’ होते, ‘वंश’चा ‘वश’ होतो. ही उदाहरणे गमतीची आहेत आणि संदर्भाने वाचक ती सावरून घेतो. खरे नुकसान वेगळ्या ठिकाणी होते. प्रमाण लेखनात आपण ‘असे केले’, ‘बरे झाले’, ‘घरे पडली’ असे एकारान्त लिहितो. बोलताना ‘असं केलं’, ‘बरं झालं’, ‘घरं पडली’ म्हणतो. साहित्य महामंडळाच्या लेखनविषयक नियमांनीही बोलण्याची भाषा लिहिताना अशा अनुस्वारयुक्त रूपांना मुभा दिलेली आहे. म्हणजे शब्दाच्या अंती येणारे हे टिंब ‘हे बोलणे आहे, लिहिणे नव्हे’ असे सांगणारे चिन्ह आहे. चित्रकथेत एकाच चौकटीत वर निवेदनाची पट्टी ‘सकाळ झाली होती, सारे शांत होते’ असे सांगते आणि खाली फुग्यातले पात्र ‘सगळं शांत कसं?’ असे विचारते. भाषेच्या दोन पातळ्यांमधली सीमा त्या टिंबांनी आखलेली असते. टिंबे गळाली की ‘सगळ शांत कस’ एवढे उरते. अभ्यासक ते अशुद्धलेखन समजून सुधारतो, किंवा त्याहून वाईट म्हणजे, लेखकाने बोलीतील रूप म्हणून मुद्दाम तसे लिहिले असावे असा निष्कर्ष काढतो. वऱ्हाडी संवादांच्या बाबतीत तर दुसरी चूक फार सहज होते. ‘मले’, ‘तुले’, ‘करून राह्यला’ अशी रूपे शोधण्याच्या भरात असलेल्या विद्यार्थ्याला प्रत्येक वेगळे रूप बोलीचेच वाटते. पुरावा म्हणून घेतलेले रूप लेखकाच्या लेखणीतले आहे की रूपांतराने निपजलेले, हे आधी ठरले पाहिजे.

म्हणून नियम सोपा ठेवावा. मूळ सीबीझेड कधीही पुसू नये. रूपांतर करावेच लागले तर ‘कॉमिक इनपुट’ या भागात ‘डिसेबल कॉमिक प्रोसेसिंग’ हा पर्याय निवडावा, डीस्पेकल निवडू नये, आणि ‘आउटपुट प्रोफाइल’मध्ये टॅबलेट घ्यावे, म्हणजे चित्रे लहान केली जात नाहीत. फाइल मोठी होईल, ती होऊ द्यावी. एका पानाला एक मेगाबाइट धरली तर बत्तीस पानांच्या अंकाला बत्तीस लागतील आणि आजच्या साठवणीच्या मानाने ते काही जास्त नाही.

देवनागरीच्या वाट्याला आलेली आणखी एक अडचण यंत्राच्याही आधीची आहे. इंग्रजीतून मराठीत आणलेल्या कॉमिक्समध्ये फुगा मूळ रोमन अक्षरांच्या मापाने काढलेला असतो. रोमन मोठ्या अक्षरांची ओळ वरखाली सारखी असते. आपल्या ओळीला वर वेलांटी, मात्रा आणि रफार लागतो, खाली उकार लागतो. त्याच फुग्यात तेवढ्याच ओळी बसवायच्या तर अक्षर बारीक करावे लागते किंवा वाक्य छाटावे लागते. टाइम्स ऑफ इंडिया समूहाने १९६४ पासून १९९० पर्यंत चालवलेल्या ‘इंद्रजाल कॉमिक्स’च्या मराठी आवृत्तीतील एखादा अंक हाती आला तर त्यातील संवादांची लांबी या दृष्टीने पाहावी. याउलट ‘सकाळ’मध्ये १९९१ पासून आलेला चारुहास पंडित आणि प्रभाकर वाडेकर यांचा ‘चिंटू’ मराठीतच जन्मला. तेथे फुगा मराठी वाक्याच्या मापाने बेतलेला आहे. अनुवादित आणि मूळ मराठी चित्रकथांतील वाक्यरचनेची तुलना करताना हे माप विसरू नये. तुटक वाक्ये ही नेहमीच शैली नसते. कधी कधी ती जागेची टंचाई असते.

नोंद : फाइलीला दिलेली भाषा

गावातील प्राचीन हेमाडपंती मंदिरातील शिलालेख तुमच्यापैकी काहींनी पाहिला असेल. कोरीव लेखाचा ठसा किंवा छायाचित्र घेतले म्हणजे तो लेख वाचला गेला असे होत नाही. कोणीतरी त्याचे वाचन लिहून ठेवते, शकवर्ष आणि स्थळ नोंदवते, तेव्हाच दुसऱ्या अभ्यासकाला तो सापडतो. चित्रकथेच्या फाइलीचेही असेच आहे. आतली अक्षरे संगणकाला अदृश्य असल्यामुळे बाहेरून जोडलेली नोंद हाच तिचा एकमेव शोधता येण्याजोगा मजकूर असतो.

कॅलिबरमध्ये ही नोंद ‘एडिट मेटाडेटा’मधून करतात. शीर्षक, लेखक, मालिका आणि तिच्यातील क्रमांक, प्रकाशक, दिनांक, भाषा, विषयखुणा असे रकाने तेथे तयार असतात. लेखकाचे नाव लिहिले की क्रमवारीसाठी आडनाव पुढे घेण्याची सोय आहे, आणि ती आपल्या ग्रंथालयांच्या पद्धतीशी जुळते. चित्रकार, अनुवादक आणि अक्षरलेखक यांच्यासाठी मात्र स्वतंत्र रकाने नाहीत, ते तुम्ही स्वतः तयार करू शकता. ते अवश्य करावेत असे मी आग्रहाने सांगेन. फुग्यातली अक्षरे लिहिणाऱ्याचे नाव आपण सहसा विचारतही नाही. वास्तविक ‘धाड्’, ‘सप्प’, ‘खळ्ळ्’ हे ध्वनी कानाला ऐकू येतील अशा आकारात तोच लिहितो.

मराठीत नोंद करताना एक अडचण अशी की डोळ्यांना सारखे दिसणारे शब्द संगणकाला वेगळे असू शकतात. ‘वऱ्हाडी’ हाच शब्द घ्या. त्यातील ‘ऱ्ह’ हे जोडाक्षर काही कळफलक ‘ऱ’ या स्वतंत्र अक्षराने घडवतात. काही साधा ‘र’, हलन्त आणि एक अदृश्य जोडचिन्ह वापरून घडवतात. तसेच ‘ॲ’. हे अक्षर युनिकोडमध्ये २००८ मध्ये स्वतंत्रपणे आले. त्याआधीच्या आणि काही आजच्याही टंकलेखनात ते ‘अ’वर अर्धचंद्र देऊन लिहिलेले असते. काही शोधयंत्रणा हे भेद पोटात घालतात, काही घालत नाहीत. एका कार्यक्रमात सापडलेली नोंद दुसऱ्यात सापडेलच असे नाही. यावर उपाय एकच : संपूर्ण संग्रहाची नोंद एकाच कळफलकावरून करावी आणि विषयखुणा नव्याने टंकित न करता आधीच्या यादीतून निवडाव्यात. क्रमवारीतही एक विसंगती आढळेल. आपल्या वर्णमालेत ‘ळ’ शेवटी, ‘ह’नंतर येतो, युनिकोडच्या तक्त्यात तो ‘ल’च्या शेजारी बसवला आहे. नुसत्या तक्त्यावर चालणाऱ्या याद्यांत ‘ळ’ म्हणूनच भलत्या जागी दिसतो.

दुसरी गोष्ट व्यवहाराची. कॅलिबरमध्ये लिहिलेली नोंद कॅलिबरच्या कोठारात राहते, ती सीबीझेड फाइलीच्या आत आपोआप जात नाही. तुम्ही मित्राला नुसती फाइल पाठवली तर तिच्याबरोबर फक्त तिचे नाव जाते, आणि कॅलिबरच्या कपाटात ते नावही रोमन अक्षरांत बदललेले असते. त्या बदलात मराठीचा अंतर्भूत ‘अ’ गळतो आणि नाव ओळखू येईनासे होते. त्यासाठी ‘सेव्ह टु डिस्क’ वापरावे. म्हणजे फाइल, मुखपृष्ठ आणि नोंदीची एक छोटी फाइल अशी तिन्ही एकत्र बाहेर येतात. पाठवायची ती तिन्ही.

एका मालिकेचे अनेक अंक एकाच ग्रंथासारखे बांधायचे असतील तर ‘सीबीसी’ नावाचा प्रकार आहे. त्यात अनेक सीबीझेड फाइली आणि ‘कॉमिक्स’ या नावाची एक साधी मजकूर-फाइल असते. तिच्या प्रत्येक ओळीत अंकाच्या फाइलीचे नाव, विसर्गचिन्हासारखी दोन टिंबे आणि मग अंकाचे शीर्षक लिहायचे. ही मजकूर-फाइल युनिकोडच्या यूटीएफ-८ पद्धतीने साठवावी लागते, म्हणून शीर्षके देवनागरीत लिहिता येतात आणि अनुक्रमणिकेत ती तशीच दिसतात.

काय वाचावे, काय वाटू नये

साहित्य कोठून घ्यावे, हे थोडक्यात सांगतो. बालभारतीचे ‘किशोर’ मासिक १९७१ पासून निघते आणि त्याचे जुने अंक संस्थेने आंतरजालावर विनामूल्य खुले केले आहेत. त्यातील चित्रकथा प्रकल्पासाठी उत्तम. हे अंक पीडीएफ स्वरूपात आहेत. ते कॅलिबरमध्ये ठेवून वाचावेत, त्यांचे रूपांतर करू नये, कारण पीडीएफचे रूपांतर कॅलिबरलाही नीट साधत नाही. फाइल हाताळण्याचा सराव करायचा असेल तर डेव्हिड रेव्हॉय या फ्रेंच चित्रकाराची ‘पेपर अँड कॅरट’ ही मालिका मुक्त परवान्याची आहे. प्रकाशकांच्या अधिकृत ॲपमध्ये विकत घेतलेले अंक सहसा कॅलिबरमध्ये आणता येत नाहीत.

भारतीय कायद्याप्रमाणे लेखकाच्या हयातीत आणि त्याच्या निधनानंतर साठ वर्षे स्वामित्वहक्क टिकतो. बाजारात आज मिळत नसलेला अंकही त्यामुळे आपोआप सर्वांचा होत नाही. स्वतःच्या अंकाची पाने खासगी अभ्यासासाठी चित्रित करण्यास कायद्यात जागा आहे. ती फाइल गटावर टाकून वाटण्यास नाही. प्रकल्पात उदाहरण म्हणून आवश्यक तेवढ्याच चौकटी घ्याव्यात आणि अंकाची पूर्ण नोंद द्यावी.

कृतिकार्य

घरातील किंवा शेजारच्या मुलांकडील कोणत्याही एका मराठी चित्रकथेची आठ पाने चांगल्या उजेडात चित्रित करा, नावे ००१ ते ००८ द्या आणि सीबीझेड फाइल तयार करून कॅलिबरमध्ये घ्या. या फाइलीची दोन रूपांतरे करा. एकात प्रतिमांवरील सर्व प्रक्रिया बंद ठेवा. दुसऱ्यात डीस्पेकल निवडून लहान पडद्याच्या यंत्राचे प्रोफाइल घ्या. मूळ कागद शेजारी ठेवून तिसऱ्या पानावरील संवादांतील अनुस्वार तिन्ही ठिकाणी मोजा. कोणत्या शब्दांतील टिंबे गेली, त्यांपैकी किती शब्दान्ती होती आणि कोणत्या ठिकाणी अर्थ किंवा बोलण्याची पातळी बदलली, हे एका पानात लिहा. नोंदीत अक्षरलेखकाचे नाव अंकावर छापलेले आहे की नाही, तेही लिहा.